रंग ग्राहकाच्या नखाला, वाफ कामगाराच्या छातीत

नेल सलूनचे दार उघडताच एक उग्र, काहीसा गोडसर वास नाकात शिरतो. नेलपेंट पुसायचे ॲसिटोन, रंग पातळ ठेवणारी द्रावके आणि ॲक्रिलिकची पावडर भिजवायचा द्रव यांचा तो मिश्र वास असतो. खुर्चीत बसलेली ग्राहक पाच-दहा मिनिटांत तो विसरते. टेबलाच्या पलीकडे मान खाली घालून काम करणाऱ्या मुलीला तर तो फारसा जाणवतही नाही, कारण रोजच्या सवयीने तिचे नाक त्याला सरावलेले असते. पण नाक सरावले म्हणून शरीर सरावत नाही. वास येईनासा झाला तरी हवेतली रसायने तेवढीच राहतात आणि दर श्वासाबरोबर आत जातात.

एकेकाळी ब्यूटी पार्लरच्या कोपऱ्यात मॅनिक्युअर-पेडिक्युअरपुरते असलेले हे काम आता स्वतंत्र व्यवसाय झाले आहे. मुंबई-पुण्याच्या मॉलमधले छोटे काउंटर, उपनगरांतल्या एका गाळ्यातले नेल स्टुडिओ, ॲपवरून मागवता येणारी घरपोच सेवा अशी त्याची अनेक रूपे आहेत. जेल पॉलिश, एक्स्टेन्शन, नेल आर्ट हे शब्द लहान शहरांतल्या पाट्यांवरही दिसू लागले आहेत. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी तिथे नंबर लावावा लागतो. हे काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली असतात. काही इथल्याच, काही ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या. थोड्या प्रशिक्षणात हाती येणारे कौशल्य आणि स्वतःची कमाई यामुळे हा व्यवसाय अनेकींना आधार देतो. तो बंद व्हावा असे कुणीच म्हणणार नाही. मात्र त्या कमाईची किंमत तब्येतीने का चुकवायची, हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचे उत्तर अवघडही नाही.

शंभरपटीचा हिशेब

नखांविषयीच्या आरोग्यविषयक बातम्या जवळजवळ नेहमी ग्राहकाच्या बाजूने लिहिल्या जातात. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी जेल सुकवणाऱ्या यूव्ही दिव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर २० मिनिटे हा प्रकाश पाडल्यावर त्यांतल्या २० ते ३० टक्के पेशी मेल्या. लागोपाठ तीन वेळा पाडल्यावर हे प्रमाण ६५ ते ७० टक्क्यांवर गेले. प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता, माणसांवरचा नव्हता. तरी जगभर मथळे झळकले आणि जेल मॅनिक्युअर सुरक्षित आहे का, यावर चर्चा झाली. दिवा लावणाऱ्या, जेल लावणाऱ्या आणि ते घासून काढणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख त्या चर्चेत क्वचितच आला.

खरे तर साधा हिशेब मांडून पाहावा. एखादी ग्राहक दर तीन आठवड्यांनी दीड तास सलूनमध्ये बसली, तर वर्षाला साधारण २६ तास होतात. रोज नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस आणि वर्षाचे ५० आठवडे काम करणारी मुलगी त्याच हवेत २,७०० तास काढते. म्हणजे शंभरपट. विषविज्ञानाचा पहिला धडा असा, की पदार्थ किती घातक हे त्याच्या मात्रेवर ठरते. ग्राहकासाठी ‘सुरक्षित’ ठरलेली वस्तू शंभरपट काळ हुंगणाऱ्यासाठीही सुरक्षित असेल, असे गृहीत धरता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांची तपासणी प्रामुख्याने ती वापरणाऱ्या ग्राहकाला डोळ्यांपुढे ठेवून होते. तेच प्रसाधन दिवसभर हाताळणाऱ्याचा विचार हा वेगळा विषय आहे, आणि त्याला वेगळे उत्तर लागते.

टेबलावर काय काय असते

नेलपेंटमधली तीन रसायने गेली दोन दशके ‘विषारी त्रिकूट’ म्हणून ओळखली जातात. टोल्युइनमुळे रंग सारखा पसरतो. फॉर्माल्डिहाइड नखाला कडकपणा आणते. डायब्युटिल थॅलेट, म्हणजे डीबीपी, रंगाच्या थराला लवचिक ठेवते आणि टवके उडू देत नाही. टोल्युइनच्या वाफेने डोके दुखते, गरगरते, डोळे चुरचुरतात. ते जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ शरीरात गेले तर मज्जासंस्थेला इजा होते आणि गरोदरपणी गर्भालाही धोका पोचतो. फॉर्माल्डिहाइडची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. डीबीपी प्रजननसंस्थेवर परिणाम करते, म्हणून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. मोठ्या कंपन्यांनी हे त्रिकूट बऱ्याच अंशी वगळले आहे, तरी बाजारात स्वस्त आणि नाव-गाव नसलेल्या बाटल्या असतातच.

कृत्रिम नखांचे जग आणखी वेगळे. तिथे ॲक्रिलिक पावडर आणि द्रव एकत्र करून नख घडवले जाते. या द्रवात मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए, वापरण्याविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७४ मध्येच न्यायालयीन कारवाई केली होती. नखांना इजा आणि त्वचेला तीव्र ॲलर्जी झाल्याच्या तक्रारी तेव्हा आल्या होत्या. त्याऐवजी एथिल मेथाक्रिलेट वापरले जाऊ लागले. एमएमए स्वस्त पडते म्हणून ते अधूनमधून डोके वर काढतेच. त्याची ओळख अशी: वास अतिशय उग्र, तयार झालेले नख घासायला फार कठीण, आणि ॲसिटोनमध्ये बुडवूनही ते सहजासहजी सुटत नाही.

याशिवाय धूळ असते. मशिनने नख घासताना उडणारी बारीक पावडर काम करणारीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते. ती नाकात जाते, डोळ्यांत जाते, मनगटावर आणि मानेवर बसते. त्यात पुरते न सुकलेले जेल असेल तर तीच धूळ ॲलर्जीला आमंत्रण देते. दिवसभर वाकून बसण्याने मान, खांदे आणि मनगट दुखतात ते वेगळेच.

हवेतल्या रसायनांची पातळी मोजली तर ती बहुतेकदा कायद्याच्या मर्यादेत भरते, असे व्यावसायिक सांगतात. ते खोटे नाही. पण मर्यादा कुठली, हे पाहायला हवे. टोल्युइनसाठी अमेरिकेची केंद्रीय कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दशलक्ष भागांत २०० भाग आहे. त्याच देशातील व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था १०० भागांची शिफारस करते, आणि कॅलिफोर्निया राज्याने ती १० भागांवर आणली आहे. एकाच देशात एकाच रसायनासाठी वीसपटीचा फरक! केंद्रीय आकडे बव्हंशी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याही आधीच्या कारखान्यांतील अनुभवावरून ठरले होते. शिवाय मर्यादा एकेका रसायनाची असते. सलूनच्या हवेत अनेक रसायने एकत्र असतात. कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा नेल सलूनमधील हवा तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. तिथे काम करणाऱ्यांपैकी ७० टक्के जणांनी डोकेदुखी, त्वचेची जळजळ, डोळ्यांची चुरचुर यांपैकी निदान एक तरी त्रास होत असल्याचे सांगितले. कागदावरची मर्यादा आणि माणसाचे डोके यांत डोक्यावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

लेबलवरचे ‘फ्री’

‘थ्री-फ्री’, ‘फाइव्ह-फ्री’, ‘टेन-फ्री’ अशा पाट्या लावलेल्या बाटल्या घेतल्या की प्रश्न सुटला, असे अनेक सलूनमालकांना प्रामाणिकपणे वाटते. कॅलिफोर्नियाच्या विषारी पदार्थ नियंत्रण विभागाने २०१२ मध्ये अशा उत्पादनांची तपासणी केली. टोल्युइन नसल्याचा दावा करणाऱ्या १२ उत्पादनांपैकी १० मध्ये टोल्युइन सापडले. तिन्ही विषारी रसायने नसल्याचे सांगणाऱ्या सातपैकी पाचांत त्यांतले एखादे तरी होतेच.

दावा खरा असला तरी एक पेच उरतो. काढून टाकलेल्या रसायनाच्या जागी काय आले? डीबीपी नको म्हणून काही कंपन्यांनी ट्रायफिनाइल फॉस्फेट वापरायला सुरुवात केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २६ महिलांना असे नेलपेंट लावले गेले. दहा ते चौदा तासांनी त्यांच्या लघवीत त्या रसायनाचा अंश जवळपास सातपटीने वाढलेला आढळला. ग्राहकाच्या दहा नखांना एकदा रंग लावण्याचा हा परिणाम. दिवसाला पाच-सहा ग्राहक करणारीचा विचार ज्याने-त्याने करावा. जेल सुकवण्यास मदत करणारे टीपीओ हे रसायनही असेच. प्राण्यांवरील प्रयोगांत ते प्रजननाला घातक आढळले, म्हणून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याचा वापर बंद केला. काल निर्धास्तपणे वापरलेले रसायन आज यादीतून जाते, आणि मधल्या वर्षांत ते सर्वांत जास्त हाताळलेले असते ते कामगारांनी. म्हणून चांगले उत्पादन निवडणे गरजेचे असले तरी संरक्षणाची सगळी भिस्त बाटलीवर ठेवता येत नाही.

हातच साथ देईनासे झाले तर

या व्यवसायातला सर्वांत ठोस, सर्वांत नेमका सिद्ध झालेला धोका मात्र बातम्यांत फारसा येत नाही. तो आहे ॲक्रिलेट गटातील रसायनांची संपर्कजन्य ॲलर्जी. जेल पॉलिशमधील एचईएमए हे त्यांतले प्रमुख. न सुकलेले जेल पुन्हापुन्हा त्वचेला लागत राहिले की एखाद्या दिवशी शरीर त्याला शत्रू मानू लागते. बोटांची टोके लाल होतात, सोलवटतात, भेगाळतात. पापण्यांवर आणि मानेवर खाज सुटते, कारण धूळ आणि बोटे तिथवर पोचतात. अनेकजणी ती डिटर्जंटची ॲलर्जी समजून मलम लावत राहतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये या वाढत्या ॲलर्जीबद्दल जाहीर इशारा दिला होता.

तिचे परिणाम नखांपुरते थांबत नाहीत. दातांत भरले जाणारे सिमेंट, हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे सिमेंट, मधुमेहींच्या दंडावर चिकटवले जाणारे साखर मोजण्याचे सेन्सर, या सगळ्यांत याच कुळातली रसायने असू शकतात. पंचविशीत नखांच्या कामाने ॲलर्जी झालेल्या मुलीला साठीत गुडघा बदलताना ती सर्जनला सांगावी लागते. आणि तोवर तिचा व्यवसाय गेलेला असतो, कारण ज्या पदार्थाने पोट भरते त्यालाच हात लावता येत नाही.

या संदर्भात युरोपातला एक नियम बोलका आहे. एचईएमए असलेली नखांची उत्पादने तिथे फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत, असे बंधन घातले गेले आणि बाटलीवर तसा इशारा छापणे सक्तीचे झाले. हेतू चांगला होता: घरी बसून, अर्धवट माहितीवर लोकांनी ते लावू नये. पण ‘केवळ व्यावसायिकांसाठी’ या शब्दांनी धोका संपला नाही. तो प्रशिक्षित समजल्या जाणाऱ्या हातांकडे सोपवला गेला. ते हात खरोखर प्रशिक्षित आहेत का आणि त्यांना हातमोजे दिले आहेत का, हे कुणी पाहत नसेल तर त्या इशाऱ्याला अर्थ उरत नाही. हातमोज्यांचेही शास्त्र आहे. लेटेक्सचे पातळ मोजे इथे कुचकामी ठरतात. नायट्राइलचे मोजे बरे, पण ॲक्रिलेट त्यांतूनही काही मिनिटांत झिरपू शकते. म्हणून ते वरचेवर बदलावे लागतात, आणि जेल मुळात त्वचेला लागणारच नाही अशी कामाची पद्धत शिकावी लागते.

मास्क पुरत नाही, हवा बदलावी लागते

सलूनमध्ये काळजी घेतली जाते असे दाखवण्यासाठी सहसा मास्क पुढे केला जातो. कापडी किंवा सर्जिकल मास्क रसायनांची वाफ अडवत नाही. चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क घासताना उडणारी धूळ चांगली अडवतो, पण वाफेपुढे तोही हतबल असतो. वाफ रोखायला कोळशाचे गाळण असलेला खास मुखवटा लागतो. तो दिवसभर लावून ग्राहकाशी बोलत काम करणे जवळजवळ अशक्य. व्यावसायिक आरोग्याच्या शास्त्रात म्हणूनच उपायांची उतरंड ठरलेली आहे: आधी घातक पदार्थ बदला, मग तो पसरणार नाही अशी व्यवस्था करा, आणि मोजे-मास्क सर्वांत शेवटी. नेल सलूनमध्ये मात्र उलटे घडते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमकुवत उपाय कामगाराच्या चेहऱ्यावर बांधला जातो आणि जबाबदारी तिच्यावर येते.

खरा उपाय हवेचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या सलूनमध्ये स्प्लिट एसी असतो आणि गारवा टिकावा म्हणून दारे-खिडक्या बंद असतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो. बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. म्हणजे सकाळी उघडलेल्या बाटल्यांची वाफ दुपारपर्यंत खोलीत साठत जाते. सुगंधी मेणबत्ती किंवा रूम फ्रेशनर त्यात आणखी रसायनांची भर घालतो. अशा खोलीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा आणि ताजी हवा आत येण्याची वाट, ही किमान गरज आहे. पंखा कामाच्या टेबलांजवळ असावा, म्हणजे वाफ नाकापर्यंत येण्याआधी ओढली जाईल. तो मॉलच्या बंद मार्गिकेत किंवा शेजारच्या गाळ्यात उघडत असेल तर उपयोग नाही. हवा इमारतीबाहेर गेली पाहिजे.

त्याहून चांगली व्यवस्था टेबलावरच हवा शोषणारी. अमेरिकेतील इमारतींच्या आदर्श यांत्रिक संहितेने नेल सलूनसाठी तिचे माप दिले आहे: रसायन लावण्याच्या जागेपासून १२ इंचांच्या आत शोषक तोंड आणि प्रत्येक टेबलामागे मिनिटाला ५० घनफूट हवा बाहेर. हे रॉकेटविज्ञान नाही. स्वयंपाकघरातली चिमणी ज्या तत्त्वावर चालते तेच इथे लागू होते.

काही गोष्टींना तर पैसेही फारसे लागत नाहीत. बाटली वापरली की लगेच झाकण लावणे. द्रव छोट्या वाटीत, लागेल तेवढाच ओतणे. ॲसिटोनचे बोळे झाकणाच्या डब्यात टाकणे आणि डबा दिवसातून अनेकदा रिकामा करणे. कामाच्या टेबलावर डबा उघडून जेवायला न बसणे, आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुणे. टेबल-खुर्चीची उंची मान वाकणार नाही अशी ठेवणे, दोन ग्राहकांच्या मध्ये दहा मिनिटे मोकळ्या हवेत जाऊ देणे. हे सगळे मालकाने ठरवले तरच होते. दिवसाला अमुक ग्राहक झालेच पाहिजेत असे लक्ष्य डोक्यावर असेल तर कामगार मुलगी दहा मिनिटांची सुट्टी स्वतःहून मागू शकत नाही.

अमेरिकेचा धडा

नेल सलूनचा व्यवसाय सर्वांत आधी मोठा झाला तो अमेरिकेत. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासित महिला कॅलिफोर्नियातील एका छावणीत होत्या. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधील अभिनेत्री टिपी हेड्रन तिथे जात असे. तिच्या नखांचे त्या महिलांना कौतुक वाटे, म्हणून तिने आपल्या मॅनिक्युअरिस्टला बोलावून त्यांतल्या २० जणींना हे काम शिकवण्याची सोय केली. पुढे हा व्यवसाय व्हिएतनामी समाजाचा झाला. न्यूयॉर्कमध्ये त्यात कोरियन, चिनी, लॅटिन अमेरिकी आणि नेपाळी महिला आल्या. इंग्रजी कमी, पर्याय कमी आणि तक्रार करण्याची ताकद त्याहून कमी, अशी ही कामगारवस्ती.

तिथे नियम कुणामुळे हलले हे पाहण्यासारखे आहे. २००० मध्ये कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल गावात एका सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर फोड आले. पाय बुडवायच्या टबाच्या जाळीमागे साठलेल्या केसांत आणि मृत त्वचेत जिवाणू वाढले होते. प्रकरण गाजले आणि टब निर्जंतुक करण्याचे नियम कडक झाले. ग्राहकांच्या पायावर उठलेला फोड सगळ्यांना दिसला. कामगारांची डोकेदुखी त्याआधीही होती आणि नंतरही राहिली. ती दिसायला मे २०१५ उजाडावे लागले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेव्हा नेल सलूनमधील तुटपुंजे वेतन आणि आरोग्याचे हाल यांवर दीर्घ वृत्तमालिका छापली. तिच्या काही तपशिलांवर नंतर वाद झाला, तरी राज्य सरकारला हालचाल करावी लागली. तपासणी पथके नेमली गेली आणि कामगारांच्या हक्कांचे फलक त्यांच्या भाषांत लावणे बंधनकारक झाले. २०१६ पासून नव्या सलूनना हवा बाहेर फेकण्याची यंत्रणा सक्तीची झाली. जुन्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली गेली. छोट्या मालकांनी खर्चाची ओरड केली, आणि ती पूर्णपणे अनाठायी नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोने त्याआधीच, २०१० मध्ये, वेगळी वाट धरली होती. त्रिकूटाची रसायने न वापरणाऱ्या, खेळती हवा ठेवणाऱ्या आणि कामगारांना नायट्राइलचे मोजे देणाऱ्या सलूनना शहराकडून ‘आरोग्यदायी सलून’ अशी मान्यता मिळू लागली. ती पाटी दारावर लागली की चोखंदळ ग्राहक येतात आणि मालकाला खर्च परवडतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने हीच कल्पना राज्यभर नेण्यासाठी कायदा केला. दोन्ही अनुभवांचे सार एकच: नुसत्या दंडाने छोटा मालक लपतो आणि नुसत्या कौतुकाने मोठा मालक ढिम्म राहतो. किमान नियम सर्वांना सारखे, आणि ते पाळण्यासाठी हात देणे, अशा दोन्ही गोष्टी लागतात.

कायद्याच्या उंबऱ्याबाहेर

भारतातली विसंगती अशी. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या जागेच्या हवेत कोणते रसायन किती असावे याची यादीच दिली, आणि तिच्यात टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, ॲसिटोन ही नावे होती. म्हणजे नेलपेंट ज्या कारखान्यात तयार होते तिथल्या कामगारांच्या हवेला मर्यादा, आणि तेच नेलपेंट बंद खोलीत दिवसभर उघडे ठेवून काम करणाऱ्या मुलीच्या हवेला काहीच नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांचा रोख उत्पादन, आयात, लेबल आणि दर्जा यांवर आहे. सलूनमधली हवा त्यांच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता, आणि ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. कामगारांची सुरक्षा व आरोग्याची २०२० ची केंद्रीय संहिताही साधारणपणे दहा कामगारांपासून पुढे लागू होते. चार टेबलांचे सलून या सगळ्यांच्या उंबऱ्याबाहेर राहते. घरपोच सेवा देणारी मुलगी तर त्याहून दूर. तिची कामाची जागा म्हणजे ग्राहकाची एसी लावलेली झोपण्याची खोली. तिथे एक्झॉस्ट कोण लावणार?

छोट्या आस्थापनांना कागदपत्रांचा जाच नको, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण कागदाची सूट म्हणजे हवेची सूट असू नये. रसायनाला कामगारांची संख्या कळत नाही. उलट खोली जितकी लहान तितकी वाफ दाट. म्हणून संख्येची अट न लावता, व्यवसायाच्या स्वरूपावरून काही किमान गोष्टी राज्य सरकारने ठरवायला हव्यात. नखांचे काम होते तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा आणि ताजी हवा यायला वाट. प्रत्येक रसायनाची बाटली मूळ लेबलसह, आणि तिचे सुरक्षा माहितीपत्रक कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. नायट्राइलचे मोजे मालकाच्या खर्चाने. गरोदरपणी किंवा ॲलर्जीची लक्षणे दिसल्यावर पगार न कापता वेगळे काम. घरपोच सेवेत हीच जबाबदारी ॲपचालक कंपनीची: खिडकी उघडी ठेवण्याची सूचना बुकिंगच्या वेळीच ग्राहकाला गेली पाहिजे, आणि दोन कामांमध्ये पुरेसा अवधी मिळाला पाहिजे.

यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. मुंबई-पुण्यातल्या काही सलूनमधली हवा मोजून, तिथल्या कामगारांची त्वचा आणि श्वसन तपासून एक पाहणी करणे या संस्थांच्या आवाक्यातले काम आहे. आयटीआयमध्ये सौंदर्योपचाराचे अभ्यासक्रम चालतात. त्यांत नखाला रंग कसा लावायचा याबरोबर त्या रंगात काय आहे आणि ते अंगावर कसे येऊ द्यायचे नाही, हे शिकवले आणि परीक्षेत विचारले जावे. त्वचारोगतज्ज्ञांनीही बोटांवरचा इसब पाहताना ‘काम काय करता?’ हा प्रश्न पहिला विचारावा. पॅच टेस्ट वेळेत झाली तर हात वाचू शकतात.

ग्राहकांच्या हातातही थोडे आहेच. एक्झॉस्ट चालू आहे का, असे विचारणारी ग्राहक मालकाला ऐकावी लागते. घरी बोलावलेल्या मुलीसाठी एसी बंद करून खिडकी उघडणे, घाई न करणे, अगदी पडेल भावात नखे करून देणारे सलून ते कसे परवडवते हे स्वतःला विचारणे, यांत कुणाचे फार नुकसान नाही. मात्र ग्राहकाच्या भलेपणावर कामगाराची फुप्फुसे सोडता येणार नाहीत. लिफ्टची सुरक्षितता जशी प्रवाशाच्या सावधपणावर सोडली जात नाही, तशीच ही गोष्ट.

अमेरिकेत हा व्यवसाय उभा राहिल्यापासून हवेचे नियम येईपर्यंत चार दशके गेली. तोवर एक पिढी त्या टेबलांमागे म्हातारी झाली होती. महाराष्ट्रात हा व्यवसाय अजून तरुण आहे आणि त्यात काम करणाऱ्या मुलीही. काय करायचे हे माहीत आहे, ते महागही नाही. एका पंख्याची आणि एका उघड्या खिडकीची सक्ती करायला त्यांच्या हातांना भेगा पडेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.